वरची मूठ, खालची मूठ

वारं आलं ते दोन कामं करून गेलं. प्रार्थनाघराचं आढं मोडलं, आणि वरच्या उतारावरचं सगळ्यांत जुनं झाड मुळासकट आडवं पाडलं. सकाळी माणसं जमली तेव्हा कौलांचे तुकडे अंगणभर पसरले होते. मोडक्या आढ्याचे दोन भाग बाकांवर पडले होते, उपासनेला लवकर येऊन झोप लागल्यासारखे.

"देवानं एका हातानं घेतलं आणि दुसऱ्या हातानं दिलं," पाळक म्हणाले. वयानं तरुण, स्वभावानं उतावळे. झाड बघून आल्यापासून त्यांच्या पायांना थारा नव्हता. "याच झाडाचं नवं आढं करू. थंडी पडायच्या आत छप्पर बसलं पाहिजे. काय बाबा?"

हा प्रश्न करवत्याला होता. करवत्या झाडाभोवती फेरी मारून आला होता. साल नखानं उचकटून वास घेतला होता. लाकूड सरळ होतं, कीडही लागलेली नव्हती. पण इतकं लांब की मोटारीवर घालून वळणांच्या रस्त्यानं गिरणीवर नेणं शक्यच नव्हतं. जागेवरच कापायला हवं होतं, जन्मभर तो कापत आला तसं, दोन मुठींच्या करवतीनं. ओंडका लाकडी घोड्यांवर चढवायचा, खाली खड्डा खणायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खड्ड्यात. वरची मूठ त्याची. खालची मूठ बायकोची. आणि बायकोला त्यांनी मागच्या थंडीत, याच प्रार्थनाघराच्या मागे, मातीआड केलं होतं.

"खालच्या मुठीला कोण?" त्यानं विचारलं.

बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. एकाची कंबर धरली होती, एकाचा खांदा निखळून बसला होता, एकाची गाय आजउद्या व्यायची होती.

"मी धरते."

आवाज मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या, तरी कोण बोललं ते कळायला वेळ लागला, कारण तो आवाज फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता. करवत्याची सून होती.

"आता गं बया," शेजारीण म्हणाली. गावातली कुठलीही बातमी हिच्या तोंडून निघाल्याशिवाय बातमी होत नसे, म्हणून तिला सगळे दवंडी म्हणत. "मुकी बोलली. आता धोंडेसुद्धा गाणी म्हणतील."

माणसं हसली. सून हसली नाही, रागावलीही नाही. कौलांचे तुकडे वेचायला खाली वाकली.

*

करवत्याच्या घरात आता दोनच माणसं होती. मुलगा तापानं गेला त्याला बरेच दिवस झाले. त्याच्यामागून त्याची आई गेली. राहिला करवत्या, आणि राहिली सून.

म्हातारी असताना घर कसं भरलेलं असे. ती चुलीशी बोले, कोंबड्यांशी बोले, तव्याला शिव्या देई आणि लगेच त्याची समजूत काढी. करवत्या तसा पहिल्यापासून घुम्या. पण बायकोच्या बोलण्याच्या सावलीत त्याचं घुमेपण कधी उघडं पडलं नव्हतं. लोक तिच्यासाठी येत, बसत, हसत, आणि जाताना त्यालाही राम राम म्हणावा तसा एखादा शब्द टाकून जात. आता कुणी येत नसे. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं ते घर झालं होतं.

सून कामाला वाईट नव्हती. सावकाश करी, पण केलेलं पुन्हा करावं लागत नसे. बटाटे सोलायला बसली की सालीतून पलीकडचं दिसेल इतकं पातळ सोली. एखादी वस्तू हातात घेतली की आधी बघत बसे. काय बघते, हे करवत्याला कधी कळलं नाही. त्याला फक्त वाटे, ही माझ्यावर रुसली आहे. आणि तिला वाटत असावं, हे माझ्यावर रागावलेत.

संध्याकाळची प्रार्थना तेवढी दोघांनी सोडली नव्हती. पूर्वी म्हातारी प्रार्थना करी. लांबच्या लांब. त्यात गावातली आजारी माणसं येत, हरवलेली शेळी येई, कुणाची तरी नांदायला न जाणारी मुलगी येई, आणि करवत्याचा गुडघा येई. शेवटी करवत्या आणि मुलगा आणि सून "आमेन" म्हणत. आता दोघं दिव्यासमोर डोळे मिटून बसत. कुणी काही बोलत नसे. मग बऱ्याच वेळानं करवत्या "आमेन" म्हणे, आणि त्याच्यामागून सून "आमेन" म्हणे. प्रार्थनेचा नुसता शेवट उरला होता.

त्या दिवशीही तसंच झालं. दिवा उचलताना सून म्हणाली, "भावाचा निरोप आलाय."

"काय म्हणतो?"

"आढं चढलं की मला न्यायला येतो म्हणतो. आईला दिसेनासं झालंय."

"मग?"

"मामंजींना विचारून सांगते, असं कळवलंय."

करवत्या विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत बसला. जा म्हणावं तर घरात आपण आणि भिंती. राहा म्हणावं तर तोंड उघडावं लागेल, आणि ती राहीलसुद्धा. ती उलट बोलणाऱ्यांतली नव्हतीच. त्याला वाटलं, देवा, या घरात दोन बाया होत्या. त्यातली बोलकी नेलीस आणि ही ठेवलीस. मग त्या विचाराची त्यालाच भीती वाटली.

"आधी आढं तर होऊ दे," तो म्हणाला.

*

ओंडका घोड्यांवर चढवायला सारा गाव लोटला. नंतर जो तो आपल्या कामाला गेला. करवत्यानं काजळीत भिजवलेला दोरा ओंडक्याच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला, चिमटीत उचलला आणि सोडला. फट् आवाज झाला आणि साल काढलेल्या पिवळ्या लाकडावर काळी रेघ उमटली.

"या रेघेवरून जायचं," तो म्हणाला. "पातं खाली येतं ते खालच्याच्या जोरावर. वर जातं ते वरच्याच्या. आपल्या वेळेला ओढायचं, दुसऱ्याच्या वेळेला नुसता हात ठेवायचा. ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं, आणि वाकलं की रेघ सुटते. कळलं?"

खड्ड्यातून सुनेनं मान हलवली. डोक्याला तिनं फडकं घट्ट बांधलं होतं. फक्त डोळे दिसत होते.

करवत चालू झाली. खर्र... खर्र. भुसा तिच्या खांद्यांवर, भुवयांवर, ओठांवर पडू लागला. करवत्याला सारखी कशाची तरी वाट बघतोय असं वाटत होतं, आणि कशाची ते ध्यानात येत नव्हतं. मग आलं. म्हातारी खालून गात असे. ओढीबरोबर एक ओळ खाली जाई, एक वर येई. ओळ संपायच्या आत त्याला कळे की आता ती ओढणार, आता सोडणार. इथं खालून काहीच येत नव्हतं. ही ओढते आहे का, थकली आहे का, हात सुटला का, काही कळायला मार्ग नाही. तो वरून वाकून बघे, तर फक्त फडकं दिसे.

म्हणून तो हळूच जोर देऊ लागला. अगदी थोडा. पातं खाली जाताना आपलाही हातभार असावा म्हणून.

दुपार कलली तेव्हा त्यानं फटीत पाचर ठोकली आणि वाकून पाहिलं. रेघ बाजूला राहिली होती. काप आत, आढ्याच्या अंगात, अंगठाभर सरकला होता.

चाळीस हिवाळे लाकूड कापलं. एवढी चूक त्यानं शिकाऊ असतानाही केली नव्हती.

"तुला ओढता येत नाही," तो म्हणाला.

खाली तिनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"गाणं तरी म्हण. तिचं म्हण. रोज ऐकायचीस की. म्हणजे मला कळेल तू कुठं आहेस ते."

सुनेनं मूठ सोडून तोंड पुसलं. उगाच इकडेतिकडे पाहिलं. उतारावरच्या कुंपणापाशी दवंडी उभी होती, कडेवर धुण्याचं घमेलं घेऊन. सून म्हणू लागली. आवाज बारीक, कोरड्या टाकीतून निघावा तसा:

*वरच्या गं माणसाला दिसे सरळ रेघ,*
*खालच्या गं माणसाला भुशाचा गं मेघ...*

दुसरी ओळ तिच्या घशात अडकली. भुसा गेला असेल, की आणखी काही. ती खोकू लागली.

"अगं, चिमणीला पडसं झालं की काय?" दवंडी म्हणाली आणि हसत सुटली. हसणं वाईट नव्हतं तिचं. तिला कशालाही हसू येई.

पण करवत्याला ते लागलं, आणि त्यानं ते सुनेवर काढलं.

"राहू दे. तुझ्या जागी ती राहिली असती तर बरं झालं असतं."

शब्द गेले ते गेले. दवंडीचं हसू बंद पडलं. घमेलं सावरून ती पाय न वाजवता निघून गेली, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असेल. सून खड्ड्यातून वर आली. कपडे झटकले. विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, बादली भरली, आणि घरी गेली. त्या संध्याकाळी बटाटे शिजलेले होते, पाणी भरलेलं होतं, दिवा लावलेला होता. प्रार्थनेला ती बसली. करवत्यानं "आमेन" म्हटलं. मागून दुसरा आवाज आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी पाळक आले. चुकलेला काप पाहून त्यांनी आधी दोन्ही हात डोक्याला लावले, मग लगेच म्हणाले, "काही बिघडत नाही. दुसरं झाड बघू. नाहीतर लोखंडी तुळई आणू. नाहीतर..."

"बसा," करवत्या म्हणाला.

पाळक बसले आणि लगेच उठले. मग पुन्हा बसले.

"आढं थोडं अरुंद होईल," करवत्या म्हणाला. "रेघ नव्यानं मारतो. अरुंद झालं तरी तोलेल. पण आता आणखी चुकायला लाकूड नाही."

"मग अडचण काय?"

करवत्या बराच वेळ कानस करवतीच्या दातांवर घासत राहिला. एक दात, मग दुसरा. "माणसाची अडचण आहे. बोलत नाही ती."

"तुम्ही कुठं बोलता?"

"म्हणून तर."

पाळक हसले. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "खरं सांगू बाबा? या गावात आलो तेव्हा मला सगळे माझ्यासारखे हवे होते. सांगितलं की उठून पळणारे. तुम्ही लोक तर हो म्हणायलाच दोन रविवार लावता. मी रडकुंडीला आलो होतो. मग एकदा बसून विचार केला, प्रभूनं बारा शिष्य निवडले. काय बघून निवडले? एक असा की आधी बोलणार, मग विचार करणार. माझ्यासारखा. एक असा की हात लावून बघितल्याशिवाय खरं मानणार नाही. दोघं भाऊ तर इतके तापट की आभाळातून आग पाडायला निघालेले. अशी माणसं मी कामाला घेतली नसती. त्यानं घेतली. आणि एकालाही म्हणाला नाही की तू त्याच्यासारखा हो."

"त्यात मुका कोण होता?"

"असेल की. दोघातिघांचा एक शब्दही लिहून ठेवलेला नाही कुणी." पाळक थांबले. थांबणं त्यांना जड जात होतं. "पण होते ते. शेवटपर्यंत चालले त्याच्याबरोबर. न बोलताच चालले असतील."

करवत्यानं कानस खाली ठेवली. "तुमचं ठीक आहे. तुम्ही बोलून मोकळे होता."

"होतो खरा," पाळक म्हणाले. "आणि घरी जाऊन बघतो तर खोलीत मी एकटाच."

एवढं बोलून ते उठले आणि आले तसे भरभर उतरून गेले. करवत्या त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिला. हा माणूस एकटा असेल, असं त्याला आजवर वाटलं नव्हतं.

*

सून आली ती डोक्याला फडकं बांधूनच. बोललेलं विसरली नव्हती. चेहऱ्यावरून कळत होतं. पण कामाला आली होती. ओंडक्यापाशी उभी राहून तिनं नवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग कालचा चुकलेला काप पाहिला. मग पुन्हा रेघ. करवत्याची नेहमीसारखी चुळबुळ सुरू झाली. एकदाचं काय ते बोल, नाहीतर खाली उतर.

"मामंजी," ती म्हणाली.

"हं."

"तुम्ही ढकलता."

त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. कुणी, म्हातारीनंसुद्धा, त्याला असं सांगितलं नव्हतं.

"काल पहिल्यापासून ढकलत होता," ती सावकाश म्हणाली, प्रत्येक शब्द उचलून, बघून, खाली ठेवत. "मी ओढत होते. तुम्हाला वाटलं नाही ओढत. म्हणून."

ते खरं होतं.

"मी वर येऊ का?"

"वर?"

"मला रेघ दिसेल. खालून काही दिसत नाही. नुसता हात कळतो. तुमच्या हाताला कळतं."

वरची मूठ त्यानं कधी कुणाला दिली नव्हती. वर उभा राहतो तो कारागीर, खाली असतो तो जोडीदार, असंच त्याच्या बापानं शिकवलं होतं. त्यानं ओंडक्याकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. काल आपण काय बोललो ते आठवलं, आणि त्या बोलण्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला पाहिजे असं त्याला वाटलं. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत आत उतरला.

खाली गार होतं. मातीच्या भिंतींना ओल सुटली होती. वर बघितलं तर ओंडक्याचं काळं पोट आणि दोन्ही बाजूंना आभाळाची पट्टी. सुनेचे पाय दिसत होते, बाकी काही नाही. पातं खाली आलं, त्यानं ओढलं, आणि भुशाची पहिली ओंजळ त्याच्या तोंडावर पडली. डोळे मिटले. उघडले तर सगळीकडे पिवळा धूर. तोंडात कडवट चव. आपण रेघेवर आहोत की नाही, हे सांगायला काही नव्हतं. ओढायचं आणि वरच्यावर विश्वास ठेवायचा.

थोडा वेळ गेला तशी खालची शांतता त्याला टोचू लागली. काहीतरी गुणगुणावं असं वाटलं, उगाच, आपण इथं आहोत एवढं आपल्यालाच कळावं म्हणून. ओठ हलले. आणि त्याच्या तोंडात तीच ओळ आली: खालच्या गं माणसाला भुशाचा गं मेघ.

त्याचा हात सैल पडला.

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ती त्याच्यासाठी गाते. त्याला ताल मिळावा म्हणून. ती खुशालचेंडू बाई, तिला गाण्याशिवाय करमत नाही, असंच तो लोकांना सांगे. ती इथं खाली उभी असे, आंधळ्यासारखी, भुसा खात, वर फक्त नवऱ्याचे पाय. तिला एकटं वाटत असेल. म्हणून गात असेल. आणि तो वरून कधी एक शब्दही खाली टाकत नसे, कारण त्याला बोलायची सवय नव्हती.

"मामंजी?" वरून आवाज आला. "थकलात?"

"नाही. डोळ्यांत गेलं."

"थांबते."

ती थांबली. घाई न करता, वरून काही न विचारता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. भुशाचा चिखल झाला होता.

पुन्हा करवत चालू झाली. आता त्याला हातांत कळू लागलं. वर जाताना ती कधी लांब ओढी, कधी आखूड. गाठ आली की तिची ओढ आधीच हलकी होई, त्याला गाठ लागायच्या आत. ती बघत होती. घरात वस्तू हातात घेऊन जशी बघत बसे, तशीच तिथं रेघेवर डोळे लावून, अख्खीच्या अख्खी, बघत होती. तिचं बोलणं सगळं तिकडंच होतं. म्हातारीला वर उभं केलं असतं तर तिनं गप्पांच्या नादात ओंडक्याचे वाकडेतिकडे तुकडे केले असते. हे आठवून तो खड्ड्यात एकटाच हसला, आणि हसताना पुन्हा भुसा तोंडात गेला.

मग त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली. देवा, मी तुला सांगत होतो, ही नको, ती हवी होती. तुझ्या हातात दोन निरनिराळी हत्यारं होती. मला एकच वापरता येत होतं. प्रार्थना एवढीच झाली. त्याला लांबवता येत नसे.

*

बरेच दिवस ते तसंच चाललं. करवत्या खाली, सून वर. संध्याकाळी दोघांच्याही दंडांना तेल लागे. कुणी विशेष बोललं नाही, पण एकदा चुलीपाशी करवत्या आपणहून म्हणाला, "परवा बोललो ते." आणि पुढं त्याला काही सुचेना. सून म्हणाली, "हो." तेवढंच. ते मिटलं नाही. दोघांनी ते एका कोपऱ्यात नीट ठेवलं.

आढं सुटून वेगळं झालं तेव्हा करवत्या खड्ड्यातून वर आला आणि डोळा लावून पाहिलं. सरळ. रंध्याला फार काम नव्हतं.

थंडीचं पहिलं दव पडलं त्या आठवड्यात आढं चढलं. रविवारी नव्या छपराखाली माणसं बसली. ताज्या लाकडाचा वास भरून राहिला होता. पाळकांनी नेहमीच्या घाईनं सगळ्यांचे आभार मानले, मग अचानक म्हणाले, "आज बाबा प्रार्थना करतील."

लोकांनी माना खाली घातल्या. काहींनी हसू लपवायला. करवत्या उभा राहिला. बाकाचा कठडा धरला. इतका वेळ शांतता झाली की एक पोर रडायला लागलं आणि आईनं त्याला उगी केलं.

"प्रभू," तो म्हणाला, "जिला तू भरपूर बोलायला दिलंस तिच्याबद्दल आभार. जिला तू बघायला दिलंस तिच्याबद्दल आभार. मला दोघी दिल्यास. मी..." तो थांबला. "बाकी तुला माहीत आहे."

बायकांच्या बाजूला सून मान खाली घालून बसली होती. तिची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. दुसरं काही कळत नव्हतं.

*

भाऊ आला तो टेंपो घेऊन. बडबड्या माणूस होता. दारातच त्यानं रस्ता किती खराब आहे ते सांगितलं, आईचे डोळे सांगितले, टेंपोवाल्याचा स्वभाव सांगितला. करवत्यानं त्याला पाणी दिलं, चहा दिला.

"मग काय ठरलं?" भाऊ म्हणाला. "ही म्हणते, मामंजी सांगतील तसं."

सून दाराशी उभी होती.

करवत्याला माहीत होतं. राहा म्हटलं तर ती राहील. आजच बांधलेलं सामान सोडेल, बटाटे सोलायला बसेल, आणि तक्रारीचा एक शब्द काढणार नाही. घरात आपल्याशिवाय कुणाचा तरी श्वास असेल. तोंडात तो शब्द तयारही होता, दोनच अक्षरं.

"तुला काय हवंय?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बहुतेक हे तिला या घरात कुणी विचारलं नव्हतं. भावानं तोंड उघडलं, तसा करवत्यानं हात वर केला. "तिला वेळ लागतो. लागू दे."

चहा निवला. बाहेर टेंपोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. करवत्या बसून राहिला. तिच्या गप्प बसण्यानं तो आज बेचैन झाला नाही. तिकडं आत काहीतरी चाललं आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बघते आहे, हे त्याला आता कळत होतं.

"आईजवळ जायचंय," ती म्हणाली. मग काही वेळानं, "पण तुम्ही राहा म्हणालात तर राहीन."

"मग जा," तो म्हणाला.

तिची ट्रंक त्यानंच उचलली. भाऊ अहो द्या, द्या म्हणत मागून येत राहिला. टेंपोत चढायच्या आधी सून वळली. तिनं त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, जणू तिथं भुसा आहे आणि तो झटकायचा आहे. भुसा नव्हता. हात तिथं जरा जास्त वेळ राहिला.

"जाते," ती म्हणाली.

टेंपो उतारावरून खाली गेला. वळणावर एकदा दिसला, मग दिसला नाही. करवत्या अंगणातच ओट्यावर बसला. कोंबड्या पायांत आल्या आणि काही मिळत नाही म्हणून निघून गेल्या.

कुंपणापलीकडे दवंडी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती जरा बिचकूनच येत असे.

"गेली?"

"गेली."

"काही बोलली का जाताना?"

"जाते म्हणाली."

"एवढंच?" दवंडी म्हणाली. "देवानं जीभ दिली ती फुकटच म्हणायची." मग त्याच्याकडे बघून तिनं जीभ चावली. "म्हणजे, गुणाची होती हो पोर. मी आपलं उगाच."

करवत्यानं तिच्याकडे पाहिलं. ही बाई रोज या कुंपणाशी उभी राहते, उभ्याउभ्या सगळं सांगते आणि जाते. म्हातारी असताना आत यायची. नंतर तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. तिच्याही घरी कुणी नसतं, हे गावाला माहीत होतं आणि कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"ये, बस," तो म्हणाला.

"मी?"

"तूच. फाटक उघडंच आहे. बस जरा, सांग काहीतरी."

दवंडी आत आली. ओट्याच्या कडेला, उठायला सोपं जाईल अशी बसली. लुगडं सारखं केलं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "आजवर कुणी सांग म्हणालं नाही मला."

आणि तिला काही सुचेना. ती गप्प बसली, हातांकडे बघत. करवत्यानं घाई केली नाही.